मराठीपुढची फुली

प्रिय दादा,

फोनवर तू "हो गं, बघतो" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. ते तरी तुला मधेच कापता येणार नाही. आप्पांना बेंगळुरूला न्यायला तू येशील, त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

गणपतीत दोन दिवसांसाठी आलास आणि आप्पांचा कॉम्प्युटर "साफ" करून, त्यातलं सगळं पुसून नव्याने घालून गेलास. चांगला चालत होता रे! आप्पांची नजर गेल्यापासून तोच त्यांना पेपर वाचून दाखवायचा. संध्याकाळ झाली की शेजारच्या बिल्डिंगमधून कोंडिबाकाका आणि पोपटकाका यायचे. मार्केटात आप्पांच्या हाताखाली, त्यांच्याच टोळीत पोती उचललेली ही माणसं. आप्पा ऐटीत बटणं दाबायचे, मशीन मराठीत बातम्या वाचायचं, आणि मग कांद्याच्या भावावरून तिघांची अशी जुंपायची की मी चहा ठेवून आत पळायचे. जुईनगरच्या त्या एवढ्याशा हॉलमध्ये आप्पा पुन्हा मुकादम झाले होते.

तू गेलास आणि मशीन मराठीला मुकं झालं. अख्खी बातमी गिळायचं आणि मधला एखादा आकडा तेवढा इंग्रजीत बोलायचं. पोपटकाका वैतागून म्हणाले, "नुसतं ट्वेंटी टू, ट्वेंटी टू करतंय. कशाचं, ते तर सांग की मर्दा!" आप्पांना वाटलं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. त्यांनी कीबोर्डला हात लावणंच सोडलं. काका चार दिवस आले, गप्प बसून गेले, मग यायचेच थांबले.

तुला विचारलं तर म्हणालास, पुन्हा इन्स्टॉल कर, एका ओळीची तर कमांड आहे. केलं. पुन्हा केलं. दर वेळी तासभर पंखा घरघरायचा आणि शेवटी तेच मुकं मशीन. डोक्याला नुसता ताप. अखेर मी उरणला ज्या गोदामात नोकरी करते तिथे सर्व्हर सांभाळणाऱ्या अफिफाला विचारलं. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "अगं, सोर्सपासून बनवतेयस ना? मग आधी बघ तरी, मशीन त्यात काय काय घालणाराय!" तेव्हा कुठे कळलं. हे प्रोग्राम तयार येत नाहीत, आपल्याच मशीनवर बनतात, आणि बनण्याआधी एक निळी पाटी विचारते, हे हवं का, ते हवं का. मराठी आवाज मागितला तरच मिळतो. आपल्याकडे ती पाटी कधी आलीच नाही, कारण सेटिंगमध्ये तूच ओळ टाकून ठेवली होतीस, काही विचारू नकोस म्हणून. एवढी कसली घाई रे? "अति घाई संकटात नेई" ही घाटातली पाटी साताऱ्याला जाताना तूच मोठमोठ्याने वाचायचास. आप्पांनी उभ्या जन्मात आत काय आहे हे विचारल्याशिवाय पोतं पाठीवर घेतलं नाही, आणि त्यांचा तू इंजिनिअर मुलगा!

रविवारी तुझी ती ओळ काढून टाकली. मशीनने लक्षात ठेवलेले जुने पर्यायही पुसले. पाटी आली. एकेक पर्याय वाचला, जो कळला नाही तो अफिफाला फोन करून विचारला. मराठीपुढे फुली मारली, तिथे फुली म्हणजे होकार. पुन्हा एकदा सगळे पर्याय दाखवायला लावले आणि मगच बनवायला सोडलं. जेवणं आटोपेपर्यंत झालं. आवाज आला तेव्हा आप्पा उठले, भिंत चाचपत खिडकीशी गेले आणि "ए कोंडिबाऽऽ!" अशी हाक मारली की खालचा वॉचमन दचकून वर बघायला लागला. मला रडूच आलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आप्पा तुला फोनवर "करमत न्हाई" म्हणाले, ते त्या मुक्या दिवसांत. तेवढ्यावरून तू तुम्हा दोघांची तिकिटं काढलीस, मी कुठे राहणार हेही न विचारता घर भाड्याने द्यायला ब्रोकरशी बोललास, आणि मला बजावलंस की आप्पांना आयत्या वेळी सांगू, उगाच टेन्शन नको. दादा, त्यांचं करमणं तूच पुसून गेलास आणि आता करमत नाही म्हणून त्यांना घेऊन चालला आहेस! तुझी माया मला कळत नाही असं नाही. कळते, म्हणून तर जास्त चिडचिड होते. पण मी आयत्या वेळेची वाट बघितली नाही. काल सगळं सांगितलं आणि त्यांनाच विचारलं, जाणार का. म्हणाले, "रणजीतला म्हणावं, न्यायला येऊ नगंस. नुसता ये."

अजून रागावलेली, तरी तुझीच,
उत्कर्षा