सहा बटणांची ओळख

३ मार्च
माळ्यावरून दादाचा कॉम्प्युटर खाली काढला. दुकानात टीव्ही दुरुस्तीला येणं बंदच झालंय, म्हणून हा उद्योग. रबराची बटणं, कॅसेटवरून चालणारं डबडं. दिग्रसच्या कापूस-जिनिंगवाल्या शेठच्या पोरानं टाकून दिलेलं, बाबांनी दादासाठी मागून आणलेलं.
दादा जाऊन चौतीस वर्षं झाली. जाऊन म्हणजे पुसदच्या बसमध्ये बसून. मेल्याची खबर नाही, असल्याची नाही.
आमची याडी, म्हणजे आई, म्हणाली, "त्याच्या वस्तूले कायले हात लावून राह्यला? आला का रागावन तो."

६ मार्च
पॉवर सप्लाय बदलला, टीव्हीला जोडला. चालू झाला! जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपात शिरलो. एकेक नग आहे तिथे. माझ्यासारखेच रिकामे. नागपूरच्या एक मॅडम भलत्या हुशार. कॅसेटचं हेड पुसा, आवाज पाऊण ठेवा, मग लोड करा, म्हणाल्या.

९ मार्च
दादाची एकच कॅसेट उरलीय. ए बाजूचं नंतर लिहीन. बी बाजू लावली. किर्रर्र, खर्रर्र. बायको कानावर हात ठेवून उठून गेली. पाचव्या खेपेला लोड झाली. पडद्यावर: DIGRAS टाइप कर.
केलं. उत्तर आलं, अक्षरं इंग्रजी, बोली घरची:
बारक्या, हात धुऊन ये.
घरात मला बारक्या फक्त दादा म्हणायचा. उठलो आणि खरंच हात धुऊन आलो. मूर्ख.

१० मार्च
बायकोनं DIGRAS टाइप केलं, उत्तर आलं: कोण पायजे? शेजारच्या काकांनी केलं, तेच: कोण पायजे? परत मी: बारक्या, हात धुऊन ये. दहा वेळा केलं, दहाही वेळा.
आवाज रेकॉर्ड करून ग्रुपात टाकला, कॅसेटचा फोटोही टाकला.

१२ मार्च
मॅडमनी प्रोग्रॅम उघडून बघितला. या मशीनला घड्याळ नाही, पण टीव्हीचं चित्र सेकंदाला पन्नासदा बदलतं ते त्याला मोजता येतं. दादानं त्यावरून एका बटणावरून दुसऱ्यावर जायला लागणारा वेळ पकडलाय. प्रत्येकाचा हात वेगळा चालतो. तीन हात साठवलेत: याडीचा, माझा, त्याचा स्वतःचा. त्याचा हात ओळखला तर दोन ओळी येतात:
मी आलो.
दार उघड.
"सतरा वर्षांच्या मुलानं? एवढ्याशा मशीनकडून?" मॅडम विचारत होत्या. छाती फुगली.
मग विचार आला. माझा हात त्यानं साठवला तेव्हा मी दहा वर्षांचा. म्हणजे G चं बटण शोधताना अजून तसाच अडखळतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी. हे काही बरं वाटलं नाही.

१५ मार्च
होळीची पाहुणी मंडळी गेली. याडीला दुपारी समोर बसवलं. तिला अक्षर येत नाही. पण सहा बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके आहेत, एकपासून सहापर्यंत. ते तिच्यासाठीच होते, आज कळलं. एका बोटानं तिनं सहाही दाबली, न चुकता.
याडी, जेवली का?
वाचून दाखवलं. ती टीव्हीकडे बघून म्हणाली, "जेवली रे. तू?"
मी पंखा बघायला उठलो. पंख्याला काही झालेलं नव्हतं.

१९ मार्च
आता रोज दुपारी बसते. जेवल्याशिवाय बसत नाही. त्याच्याशी खोटं कसं बोलू, म्हणते.

२२ मार्च
ग्रुपात खेळच झालाय. सगळे मोबाइलवर त्या मशीनचं सोंग करणारं ॲप चालवतात, DIGRAS टाइप करतात नि पडद्याचा फोटो टाकतात. याडी म्हणजे आई, हे सगळ्यांना सांगावं लागलं. पन्नासेक फोटो आले. सगळे एका ओळीचे: कोण पायजे? याडी माझ्या शेजारी बसून बघते. "हे बी तेच?" "हो, तेच."

२३ मार्च
सकाळी एक फोटो. दोन ओळी.
खाली एक शब्द नाही. सहा वर्षांपासून ग्रुपात आहे हा मेंबर, कधी काही लिहिलेलं नाही. नावाच्या जागी नुसता एक ठिपका.
मॅडम म्हणाल्या, योगायोग असेल, प्रोग्रॅममध्ये वेळेची थोडी सूट ठेवलेली आहे. मलाही योगायोगच हवाय. नाही, खोटं लिहिलं. मला तो हवाय.

२४ मार्च
त्याला वेगळा मेसेज केला: याडी आहे अजून. वाचला. उत्तर नाही.
मग विचारलं: कॅसेटच्या ए बाजूला काय होतं?
आता लिहूनच टाकतो. ए बाजूला दादाचं वर्षभराचं काम होतं. मी त्यावर रेडिओवरची गाणी भरली. त्यानं लावून ऐकलं. मारलं नाही, एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बस. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, याडीलाही नाही. तिनं चौतीस वर्षं स्वतःलाच दोष दिला.

२६ मार्च
उत्तर आलं.
"आता गाणी आहेत."
भर दुपारीच दुकान बंद करून घरी आलो.
मग आठवलं, ग्रुपात कॅसेटचा फोटो टाकलाय. मोठा करून पाहिला. लेबलाच्या कोपऱ्यात माझ्या पोरवयाच्या अक्षरात, पुसट: गाणी. कोणीही वाचू शकतं. पण एवढं मोठं करून कोण बघेल?
परत मेसेज केला: दादा? मेसेज गेला नाही. तो मेंबरच आता ग्रुपात नाही.

२७ मार्च
फोन चार्जिंगला होता, त्यावर तो फोटो उघडा. याडीनं पाहिला.
"हे कोणाचं?"
"ग्रुपातल्या कोणाचं तरी. कोण पायजे, तेच लिहिलंय."
तिनं फोन डोळ्यांशी नेला. "ते एका ओळीचं रायते," म्हणाली. "हे दोन ओळीचं हाय."
  गुडघ्यावर हात टेकून ती उठली, दारापाशी गेली, कडी काढली आणि परत येऊन बसली.
दार सताड उघडं आहे, ऊन पार टीव्हीपर्यंत आलंय. मला उठून लावता येत नाहीये.