राजनंदिनीचा प्रश्न

उमरगा, मंगळवार

प्रिय शारदा,

शाळाशाळांतून कॉम्प्युटरची गोडी लावायचं काम बरं चाललंय, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? पुढचं फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

शनिवारी शाळेत वीज नव्हती. मग मी नववीच्या पोरांनाच कॉम्प्युटर केलं. रांगेत उभं करून उंचीप्रमाणे लागायचा नियम दिला: उजवीकडचा आपल्याहून उंच नसेल तर जागा बदला, बदलाबदली थांबली की काम संपलं.

राजनंदिनी नावाची पोरगी म्हणाली, "सर, दोघं सारख्याच उंचीचे आले तर जन्मभर जागाच बदलत बसतील की!" पोरं हसली. मी म्हणालो, "लई शहाणी! बस खाली." मी सगळं स्वतःच्या बळावर शिकलेला माणूस, मला झोंबलं.

खोलीवर तोच नियम प्रोग्राममध्ये लिहून, दोन सारख्या उंच्या घालून चालवून पाहिला. थांबेचना. चूक माझी होती.

सोमवारी ती आली नाही, म्हणून आज तिच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "पोरीला जमत न्हाय असं तुमीच म्हणला म्हणं. शिवणाच्या क्लासला घातली." मी चूक कबूल केली, कागदावर मांडून दाखवली. त्यांनी हात जोडले. "पोरीचं मन राखाया म्हणताय सर. तुमी एवढे जाणकार, चुकाल कसे?" राजनंदिनी दारातच होती. तिनं मान वर केली नाही.

उद्या सगळ्या वर्गासमोर सांगणार आहे. पण ऐकायला ती नसेल.

आपली सृष्टी काही विचारत असली, तर तिला गप्प बसवू नकोस.

तुझा,
दिगंबर