‘आम्ही’ हरलो, ‘ते’ हरले

शनिवार, १० सप्टेंबर २०१६

मैदानावर आज एकशे बारा माणसं. मोजली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बॅलीफॅरन टाउन परत हरलं. शून्य-दोन.

मॅच संपवून बाहेर आले तर चौकात दोन बस उभ्या. लाल शर्ट, लाल मफलर, सँडविचेसचे डबे, कोणीतरी आत्तापासूनच गातंय. आज बस, मग बोट, उद्या इंग्लंडमधली मॅच. शंभराच्या वर माणसं असतील. सगळी इथलीच! त्यातल्या निम्म्यांच्या स्वयंपाकघरातून आमच्या मैदानाचे दिवे दिसतात.

नोएल क्विग्ली गेटला कुलूप लावत होता. नोएल म्हणजे क्लबचा चिटणीस. तोच गवत कापतो, तोच तिकिटं फाडतो, मध्यंतराला चहाही तोच ओततो. म्हणाला, “डिम्प्ना, तू लायब्ररीत बसतेस, तुला लिहिता येतं. शेवटच्या मॅचच्या पुस्तिकेसाठी एक लेख दे. ही माणसं समुद्र ओलांडतात, मग रस्ता का ओलांडत नाहीत?”

“शेवटची म्हणजे या मोसमातली?”

“म्हणजे शेवटची.”

रविवार, ११ सप्टेंबर

सुरुवात घरापासून. बाबांना विचारलं. वय ब्याऐंशी, आई गेल्यापासून माझ्याकडेच. वुल्व्ज या इंग्लिश क्लबचे भक्त. शनिवारी पावणेपाचला टीव्हीवर निकाल सांगतात तेव्हा घरात चमच्याचासुद्धा आवाज चालत नाही. वुल्व्हरहॅम्प्टनला, त्या क्लबच्या गावी, आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. आणि टाउनचं मैदान घरापासून पाच मिनिटांवर — तिथेही नाही!

“बाबा, टाउनची मॅच बघायला तुम्ही कधीच कसे गेला नाहीत?”

“चहा गार झालाय.”

झालं. मुलाखत संपली.

बुधवार, १४ सप्टेंबर

लायब्ररीत पुस्तक परत करायला येईल त्याला धरते आहे. मजा येतेय.

खाटीक टायर्नी: “बाप लीड्सचा भक्त होता. मी जन्मलो तेव्हा आधी शर्ट घातला, मग बाप्तिस्मा.”

मिसेस हॅनली: “भाऊ मँचेस्टरला होता ना गं. ख्रिसमसला कॅलेंडर पाठवायचा युनायटेडचं. भिंतीवर येशू, शेजारी ते. दोघांवरही तेवढीच श्रद्धा.”

शाळेतला मास्तर डर्मट: “हे बघ, टाउनचा गोलकीपर माझा बॉयलर दुरुस्त करतो. तोही धड नाही. त्याच्यासाठी घसा कसा फोडू मी?”

हे आवडलं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. देव लांबचाच बरा — घाम दिसत नाही, बॉयलर गळत नाही.

गुरुवार, १५ सप्टेंबर

इंग्लंड हरलं की हाच मास्तर, पक्का आयरिश, सगळ्या पबला पाजतो. लिव्हरपूल हरलं की तीन दिवस सुतक. विचारलं, हे कसं काय? तर म्हणे, “लिव्हरपूल म्हणजे इंग्लंड थोडंच!” नकाशा दाखवू का, म्हटलं. “नकाशाचा काय संबंध?”

मंगळवार, २० सप्टेंबर

आज एक गोष्ट कानात अडकली. इंग्लिश क्लबबद्दल बोलताना सगळे ‘आम्ही’ म्हणतात. “काल आम्ही हरलो.” टाउनबद्दल बोलताना ‘ते’. “ते हरले वाटतं परत?”

समुद्रापलीकडचे ‘आम्ही’. रस्त्यापलीकडचे ‘ते’!

नोएलला सांगितलं. तो हसला नाही. “मी तीस वर्षं ‘आम्ही’ म्हणतोय,” म्हणाला, “एकट्याने.”

शनिवार, २४ सप्टेंबर

म्हातारे यूजीन लोफ्टस लायब्ररीत पेपर वाचायला येतात. ते म्हणाले, “पोरी, तू चुकीच्या वयाच्या लोकांना विचारतेस. आम्हाला विचार. आम्हाला बंदी होती.”

बंदीचं मी ऐकलं होतं, पण कधी नीट विचार केला नव्हता. गेलिक फुटबॉल, म्हणजे आमचा आयरिश खेळ, खेळणाऱ्याने इंग्रजांचं सॉकर, म्हणजे टाउन खेळतं ते, खेळायचं नाही — आणि बघायचंही नाही. एकाहत्तर सालापर्यंत! सॉकरच्या मैदानावर दिसलात की संघातून बाहेर. आणि कोण दिसतं ते बघायला माणूस नेमलेला असायचा. गुपचूप. कोट वर करून गर्दीत उभा राहायचा, घरी जाऊन नावं लिहून द्यायचा.

“मग तुम्ही काय करायचात?”

“रेडिओ!” यूजीनचे डोळे चमकले. “पडदे ओढायचे आणि रेडिओ लावायचा. चुलीशी बसलेल्या माणसावर कोण पाळत ठेवणार? इथली टीम बघितली तर शिक्षा, तिथली ऐकली तर कुणाच्या बापाला कळत नाही. तशीच सवय लागली. पोरांना आम्हीच लावली.”

मला लेख मिळाला. यूजीनना मिठीच मारणार होते.

रविवार, २५ सप्टेंबर

जेवताना बाबांना सगळं सांगितलं. बटाटा सोलत होते, हात थांबला.

“यूजीनला फार बोलायची सवय आहे.”

“तुम्हीही गेलिक खेळायचात ना? तुमच्यावर नव्हती का कोणी पाळत ठेवली?”

ताट तसंच ठेवून उठले. बाबा कधी ताटात टाकत नाहीत.

बुधवार, २८ सप्टेंबर

कामावर जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली काढल्या. १९६२. आमच्या घरात बासष्टची फायनल म्हणजे पोथी. आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, गेलिक संघाने तेव्हा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा कप जिंकला, शेवटचा पॉइंट बाबांचा, एका पॉइंटने विजय. आई ते लग्नात सांगायची, मयतीत सांगायची. फोटो सापडला. बाबा, अठ्ठावीस वर्षांचे, खांद्यांवर उचललेले.

त्याच्या दोन आठवडे आधीच्या अंकात चार ओळी: ख्रिस्टी फॅलन, परदेशी खेळ बघितल्याबद्दल सहा महिने निलंबित. त्याच्या जागी राखीव खेळाडू मॅलकी गेराटी. म्हणजे बाबा.

राखीव! हे आई कधीच सांगायची नाही. आणि ख्रिस्टी फॅलन हे नाव मी घरात कधी ऐकलंच नव्हतं.

शनिवार, १ ऑक्टोबर

निकाल लागले. वुल्व्जच्या नावाला बाबा नेहमीसारखे पुढे झुकले. मी टीव्ही बंद केला आणि सरळच विचारलं, “बाबा, ख्रिस्टी फॅलन कोण?”

मग खिडकीकडे बघत बोलायला लागले. मध्ये एकदाही थांबले नाहीत, म्हणून मीही थांबवलं नाही.

ख्रिस्टी आणि ते शाळेत एका बाकावर. चुलीसाठी टर्फ, दलदलीतली जळाऊ माती, काढायला बरोबर, नाचायला बरोबर. दोघांनाही सॉकरचं वेड. बाबांना इतकं की पाळत ठेवायला माणूस हवा होता तेव्हा स्वतःहून हात वर केला. “चार वर्षं, डिम्प्ना, टाउनची एकही मॅच चुकवली नाही मी. सगळ्या गावात मलाच परवानगी होती! वहीत दुसऱ्या गावच्यांची नावं लिहायचो, कधी खोटीच. आपल्या माणसाचं कधी नाही.”

“मग ख्रिस्टीचं?”

“लिहिलं. सप्टेंबरातला रविवार. गोलच्या मागे दिसला, आणि मी लिहिलं.”

का, ते मी विचारलं नाही. फोटो बघितलाच होता.

फायनलनंतरच्या सोमवारी ख्रिस्टी बोटीवर चढला. वुल्व्हरहॅम्प्टनला, टायरच्या कारखान्यात. परत आला नाही. कुणी नाव दिलं ते त्याला कधी कळलं नाही.

“दर शनिवारी तो त्या मैदानावर उभा असणार एवढं मला माहीत होतं. वुल्व्ज जिंकले की वाटायचं, आज त्याचा दिवस बरा गेला.”

म्हणजे हे भक्तीबिक्ती काही नव्हतंच! चोपन्न वर्षं हा माणूस एका मित्राची खुशाली ऐकत होता. मी बाबांचा हात धरून बसले. राग यायला हवा होता का? आला नाही. आधी माणूस कळल्याचाच आनंद झाला.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

ख्रिस्टीची भाची गावातच औषधांचं दुकान चालवते. तिच्याकडून नंबर घेतला. मामा जिवंत आहेत, धडधाकट आहेत!

बाबांसमोर कागद ठेवला. दिवसभर त्याला हात लावला नाही. संध्याकाळी म्हणाले, “मला नाही जमणार. तू कर. आणि सांग त्याला — मीच म्हणून.”

शनिवार, ८ ऑक्टोबर

केला फोन. चोपन्न वर्षं तिकडे राहूनही बोलणं असं की वाटावं काल बाजारात भेटले. “मॅलकीची लेक? अगं, खोकला अजून आहे का त्याला?”

मी सांगून टाकलं: वही, तो रविवार, गोलच्या मागे दिसणं, सगळं. शब्द जुळत नव्हते, तरी सांगितलं. पलीकडून मग चक्क हसू.

“माहीत होतं मला. अगं, मी मुद्दामच त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, गोलच्या मागे! मला जायचं होतं गाव सोडून, आणि आई सोडेना. फायनल खेळणारा मुलगा कुठे जातो म्हणे. नाव खोडलं गेलं, मी सुटलो. मॅलकीने उपकारच केले माझ्यावर. सांग त्याला. म्हणावं, मूर्खा, एवढी वर्षं फुकट घालवलीस.”

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. आनंदाने! बाबा झोपले होते. उद्या चर्चमधल्या मासवरून आल्यावर सांगते. आणि मग त्यांना हाताला धरून टाउनच्या शेवटच्या मॅचला घेऊन जाते. नोएलला एकशे तेरावा माणूस.

रविवार, ९ ऑक्टोबर

सांगितलं. शब्दन् शब्द.

बाबांनी दोनदा विचारलं, “गोलच्या मागे म्हणाला? असंच म्हणाला?”

“असंच म्हणाले.”

मग चेहरा दोन्ही हातांत घेतला. “डिम्प्ना, ‘गोलच्या मागे’ हे मीच रचलेलं. त्या रविवारी ख्रिस्टी मैदानावर आलाच नव्हता.”