लेबलं सुटलेल्या चार बाटल्या

प्रिय रशीदचाचा,

काल शहागंजात तुमची नूर भेटली. तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले, हे मला असं भर बाजारात कळलं. वर ती कौतुकानं म्हणाली, "अब्बा बोलते थे, छोटे साब एक दिन में सब बोतलां पैचान लिए." चाचा, घरातसुद्धा खरं सांगितलं नाहीत? मी नुसती मान हलवली. रात्रभर ती मान सलत राहिली, म्हणून हे पत्र.

तेव्हा पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी दौलताबादहून आलेला नवाकोरा डेमॉन्स्ट्रेटर, तुम्ही निजामाच्या जमान्यापासूनचे कॉलेजच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट. उर्दू लेबलं काढून नवी लावा असा हुकूम आला आणि मी शहाण्यानं साऱ्या बाटल्या हौदात भिजत टाकल्या, कशात काय आहे ते लिहून न ठेवता! दुसऱ्या दिवशी तपासणी. बाकीचं कसंबसं लागलं, पण आम्ल-अल्कली रंगावरून दाखवणाऱ्या दर्शकांच्या चार बाटल्या अडल्या.

माझी नोकरी गेली, असं मी रडकुंडीला येऊन म्हटलं. तुम्ही लिंबू पिळून पाणी केलंत, चार नळ्यांत ओतलंत, एकेकीत एकेका बाटलीतले दोन थेंब. तीन लाल झाल्या, एक कोरी. मग पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवलात आणि वरची निवळी चारही नळ्यांत थेंब थेंब सोडू लागलात.

आधी एक लाल नळी पिवळी झाली. मिथिल ऑरेंज! बऱ्याच थेंबांनी दुसरी पिवळी. मिथिल रेड. मग लिटमस निळा पडला. कोरी मात्र ढिम्म. हे नुसतं स्पिरिट असेल, फेका, मी म्हणालो.

"फेकू नक्को साब. इसका वक्त आना बाकी है."

अजून थोडी निवळी, आणि एकदम गुलाबी! फिनॉल्फ्थॅलिन. कुणी पीएच चारच्या आत-बाहेर रंग बदलतो, कुणी पाचाला, कुणी साताजवळ, कुणी आठ ओलांडल्यावर. हे मी पुस्तकातून घोकलं होतं, पाहिलं मात्र तुमच्या हातून.

तपासणीत पाठ माझी थोपटली गेली. महिन्याभरानं प्रिन्सिपॉल म्हणाले, या अटेंडंटला नवी लेबलं वाचता येत नाहीत, काय उपयोग त्याचा? मी तिथंच उभा होतो. 'बाटल्या त्यांनीच ओळखल्या', एवढं बोललो असतो तर तुम्ही राहिला असता! पण माझी चूक उघडी पडली असती. लई भ्यालो, चाचा. तुम्ही चाव्या माझ्या हातात दिल्यात आणि वर दुवा देऊन गेलात. चिडला का नाहीत? एक शिवी तरी हासडायची!

उद्या सकाळी नूरकडे जाणार आहे. तिला, तिच्या पोरांना समोर बसवून सांगणार, की बाटल्या तुमच्या अब्बांनी ओळखल्या आणि त्यांना काढलं तेव्हा मी गप्प राहिलो. तिनं दारातूनच परत पाठवलं, तर दारात उभा राहून सांगेन.

तुमचा,
दत्ता