फेस थांबला का

बाई, आज पुन्हा आईने विचारलं. दिवेलागण झाली होती, शेजारच्या गाळ्यातले लूम शिफ्ट बदलायला जरा थांबले होते, आणि त्या शांततेत तिने डोळे उघडले. "फेस थांबला का गो?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शाळेतल्या नव्या शिक्षकांना तुमचं नावही ठाऊक नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगू? त्या फेसाची खरी गोष्ट तुम्ही, आई आणि मी, एवढ्या तिघींनाच माहीत होती. तुम्ही गेलात, आईला सगळं विसरायला झालंय, उरले मी. आज मी तिला काय उत्तर दिलं ते लिहायला धीर हवा, म्हणून आधी बाकीचं लिहिते.

बाबा ब्लीचिंगच्या कारखान्यात होते, हे तुम्हाला आठवत असेल. लूमवरून उतरलेलं पिवळट कापड तिथे पेरॉक्साइडच्या टाकीत जायचं आणि पांढरंशुभ्र होऊन बाहेर यायचं. मी नववीत असताना ओल्या कापडाची ट्रॉली त्यांच्या पावलावरून गेली. जखम तशी मोठी नव्हती, पण भरेना. मुकादम म्हणाला, "दवाखाने का क्या काम? टाकी का माल ले जाओ, पानी मिलाके डालो, सब मैल निकाल देगा." बाबा प्लास्टिकच्या डब्यातून ते घेऊन आले. डबा फुगू नये म्हणून बुचाला सुईने भोक पाडलेलं होतं. आईने अंदाजाने पाणी घातलं आणि जखमेवर ओतलं. काय फेस आला, बाई! दुधासारखा पांढरा, वर वर चढणारा. आईचा चेहरा उजळला. "बघ, घान कशी उसलून येते. कापडाचा मल निंगतो, तर जखमेचा न्हाय निंगनार?" फेस थांबला की घाण संपली, असा तिने हिशेब बांधला. भिवंडीत जिच्या नवऱ्याने उभा जन्म कापड पांढरं केलं, तिला दुसरं काय सुचणार?

फेस काही थांबेना. रोज दिवेलागणीला आई बाबांचा पाय मांडीवर घेते, ओतते, पुसते, पुन्हा ओतते. जखमेच्या कडा पांढऱ्या पडत चालल्यात आणि ती म्हणते, साफ होतंय. बाबा बिडी ओढत बसलेत, त्यांना दुखतही नाही. दुखत नाही म्हणजे बरं वाटतंय, असं आम्ही सगळे धरून चालतो. त्यांना साखर आहे, पायाची जाणीवच गेली आहे, हे आम्हाला कुठून कळणार? आई मात्र रोज जास्त घाबरी होते. "किती भरलीय गो ही घान, सरतच न्हाय," म्हणते आणि पाणी कमी, माल जास्त करते. एका संध्याकाळी तिने पाणी घातलंच नाही. घाण आपल्यातच असणार, हे माझ्या आईला पटायला कधी वेळ लागला नाही, बाई. लहानपणापासून गावच्या विहिरीवर आणि लोकांच्या दारात तिला तेच ऐकवलं गेलं होतं.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही वर्गात विचारलंत, हायड्रोजन पेरॉक्साइड कोण आणेल? शाळेची बाटली उघडी राहून केव्हाच पाणी झाली होती. मी ऐटीत हात वर केला. घरच्या डब्यातलं थोडं बाटलीत भरून आणलं. तुम्ही टॉर्चचा जुना सेल फोडून त्यातली काळी पूड काढलीत, उंच काचेच्या नळकांड्यात ती आणि साबणाचं पाणी घातलंत आणि मला म्हणालात, "तू आणलंस ना, तूच ओत." मी ओतलं. फेस चढला नाही, उसळला. नळकांड्यातून, टेबलावरून, रजिस्टरवरून खाली फरशीवर आला, वाफ निघत होती. पोरं बाकांवर उभी राहून ओरडत होती. तुम्ही फेसात उदबत्तीचं धुमसतं टोक खुपसलंत आणि ते भक्कन पेटलं. मग बटाट्याची चकती घेतलीत, तिच्यावर थेंब टाकलात. तिच्यावरही फेस. मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, बटाट्यातही घाण असते?"

"कसली घाण?" तुम्ही म्हणालात. "ही पूड, हा बटाटा, हे नुसते उत्प्रेरक. पेरॉक्साइडला फुटायला लावतात, स्वतः संपत नाहीत. तू ओतत राहशील तोवर फेस येत राहील. आपल्या रक्तातसुद्धा असंच असतं."

"पण जखमेतली घाण संपली की थांबतो म्हणे."

तुमचं ते नेहमीचं वाक्य आलं. "माझ्या वर्गात 'म्हणे' चालणार नाही. बघितलंस का? मग सांग." आणि मी सांगितलं, रोज बघते. तुमच्या कानाशी सगळं सांगितलं. तुम्ही बाटलीचा वास घेतलात, बोटावर पडलेला थेंब पाहिलात. बोट पांढरं पडलं होतं, तसंच, बाबांच्या पायाच्या कडांसारखं. तुमचा चेहरा असा मी आधी कधी पाहिला नव्हता. टेबलावरचा फेस तसाच टाकून तुम्ही पर्स उचललीत.

आमच्या घरी आई तुमच्यावर भडकली. "शाळेतलं शाळेत ठेवा, बाई. माज्या मानसाचा पाय हाय ह्यो." तुम्ही वाद घातला नाहीत. साडीची पिन काढून बोटाला टोचलीत, रक्ताच्या थेंबावर डब्यातला थेंब टाकलात. तुमच्या बोटावर फेस फसफसला. आई बघतच राहिली. "तुमच्या पन?" एवढंच म्हणाली. मग जमिनीवर बसली आणि बाबांचं पाऊल दोन्ही हातांनी असं झाकलं, जणू आता कुठे ते तिला दिसलं. त्या दोन शब्दांसाठी मी तुम्हाला जन्मभर मानलं, आणि त्याच दोन शब्दांनी माझी आई आतून मोडली.

ठाण्याच्या हॉस्पिटलात गुडघ्याखालून पाय कापला. व्हरांड्यात आई तुमचा हात धरून विचारत होती, "मी जाळला ना ह्यांचा पाय? खरं सांगा." तुम्ही म्हणालात, "साखरेने गेला. तुमच्यामुळे नाही." त्यावर आईने पुढची सगळी वर्षं काढली. बाबा घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायचे, तिच्याशी भांडायचे, हसायचेही, आणि मग गेले. पण बाई, मी तिथेच उभी होते. उत्तर देण्याआधी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि नजर वळवलीत. ते तुम्ही बघून सांगितलं होतं, की नुसतंच सांगितलं होतं? हे मला तुम्ही असताना विचारता आलं नाही.

आता आईला बाबा गेलेलेही आठवत नाहीत, तुमचं व्हरांड्यातलं वाक्यही नाही. नेमका फेस तेवढा राहिला. संध्याकाळ झाली की तिचे हात गोधडीवर काहीतरी पुसू लागतात. आणि मी तुमची विद्यार्थिनी! इतके दिवस मी तिला खरं सांगत आले. आई, ती घाण नव्हती, ते रक्त होतं, जिवंत मांस होतं, फेस थांबणारच नव्हता. रोज ती हे पहिल्यांदाच ऐकते. रोज तिच्या चेहऱ्यावर तेच येतं, जे त्या दिवशी आलं होतं. रोज ऊर बडवून रडते, "मीच जाळला, मीच," आणि सकाळी विसरते, आणि संध्याकाळी मी पुन्हा तिच्या हातात तोच पाय देते. बाई, मला हे होत नाही आता. मी कुणाच्या पाया पडू? या ना एकदा. ती पिन घेऊन नका येऊ, ते व्हरांड्यातलं वाक्य घेऊन या.

तुम्ही येणार नाही आणि हे पत्रही कुठे जाणार नाही, चुलीत जाईल. म्हणून सांगते. आज तिने विचारलं तेव्हा मी तिचे पुसणारे हात धरले आणि म्हटलं, "थांबला, आई."

"थांबला?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग पट्टी बांध. झोपू दे त्यांना." आणि स्वतःच झोपली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, न रडता.

तुम्ही असतात तर विचारलं असतंत, बघितलंस का? नाही बघितलं, बाई. उद्याही न बघताच सांगणार आहे.