निवांत खोली

सोमवार, ३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खूश आहे. औषधांचा कारखाना इतका चकचकीत असेल असं वाटलं नव्हतं. फरशीत तोंड दिसतं. माझ्या दारावर पाटी आहे, संरक्षण अधिकारी. इथे कुणाला काही वावगं दिसलं आणि त्याने तोंड उघडलं, तर त्याच्यावर कुणी डूख धरू नये, त्याची नोकरी टिकावी, हे बघायचं. मोठ्या साहेबांनी स्वतः मला सगळीकडे फिरवलं. वरच्या मजल्यावर तर त्यांनी एक निवांत खोलीच केली आहे. जे बोललेत त्यांना तिथे बसून काम करता येतं, खालच्यांचे टोमणे नकोत म्हणून. जाड गालिचा, मऊ खुर्च्या, मोठी खिडकी. मला हेवाच वाटला. बहिणीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे चहाड्या ऐकायचा पगार. खूप हसलो दोघी.

मंगळवार, ११ मार्च
पहिलं माणूस आलं. तपासणी विभागातली बाई, सगळे तिला चष्मेवाली म्हणतात. बसा म्हटलं तरी उभीच. मुलांच्या खोकल्याच्या औषधात तिला काचेचा चुरा सापडतोय. भरताना बाटल्या तडकतात, आणि काम अडू नये म्हणून यंत्राची गाळणीच काढून ठेवली आहे. वरिष्ठाला सांगितलं, तेव्हापासून जेवायला कुणी तिच्या शेजारी बसत नाही. हे सगळं तिने ठाम आवाजात सांगितलं.
"ताई, माझी दोन पोरं आहेत. मला काही झालं तर?"
"तुमच्या केसालाही धक्का लागू देणार नाही," मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

गुरुवार, १३ मार्च
साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांचे डोळेही भरून आले. तिला लगेच निवांत खोलीत हलवलं, आणि तिच्याच भल्यासाठी कुणी तिच्याशी बोलू नये असं खाली बजावलं. सरकारी निरीक्षकालाही बोलावतो म्हणाले. आज घरी जाताना पाय हलके वाटले.

शुक्रवार, २१ मार्च
वर जाऊन आले. चष्मेवाली एकटी नाही तिथे. एक म्हातारा फिटर, एक गोदामातला माणूस, आणि माझ्या आधी या खुर्चीत असलेली बाई. ती नोकरी सोडून गेली असं मला सांगितलं होतं. सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले, चेहऱ्यावर मंद हसू. समोर काम कसलंच नाही. चष्मेवालीचा रंग उजळलाय. केसाला धक्का लागलेला नाही, हे खरं. चौकशी कुठवर आली, काचेचं कुणी विचारलं का, असं मी म्हटलं. तिने बराच विचार केला.
"कसली काच?"
मला वाटलं घाबरून बोलतेय. पण घाबरलेली नव्हती ती. मुलं कशी आहेत विचारलं, तर नुसती बघत राहिली.
खाली उतरले तेव्हा माझ्या बोटांना मुंग्या आल्या होत्या.

बुधवार, २६ मार्च
निरीक्षक आला. चष्मेवाली त्याला म्हणाली, इथे सगळे फार चांगले आहेत. तो हस्तांदोलन करून गेला. फाटकाशी तिचा नवरा उभा होता. म्हणाला, घरी येते, जेवते, झोपते. पोरं गळ्यात पडली तर पडू देते. एवढंच. माझी बायको मला परत द्या, असंही म्हणाला. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च
स्वतः यंत्रापाशी गेले. गाळणी नाहीच. एक बाटली उन्हात धरली. तळाशी चमचमत होतं. साहेबांना तोंडावर सांगितलं की सोमवारी कार्यालय उघडलं की मी निरीक्षकाकडे जाणार. ते रागावले नाहीत. उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली.
"म्हणजे आता तुम्हालाही जपायला हवं."

सोमवार, ३१ मार्च
निरीक्षकाला दाखवायला बाटली घ्यायची म्हणून आधी इथे आले, तर फाटकावरच साहेबांचे दोघे जण थांबले होते. अगदी अदबीने वर घेऊन आले. माझं टेबल आधीच इथे. दाराला कडी नाही, केव्हाही जा म्हणतात. मी उठतेही. दारापर्यंत जाते आणि कशाला उठले ते आठवत नाही. परत येऊन बसते. चष्मेवाली खुर्ची जरा सरकवून मला जागा करून देते.

बुधवार, २ एप्रिल
गालिचा पायांना जाणवत नाही. दंडाला चिमटा काढला — लाल झालं, दुखलं नाही. आधीच्या अधिकारीण बाईंना विचारलं, तुम्ही काय सांगायला निघाला होतात. हसल्या. छान हसतात.
घरी बहिणीचा फोन वाजतो. वाजू देते.

गुरुवार, ३ एप्रिल
विसरू नये म्हणून सकाळी तळहातावर लिहिलं — काच. दुपारी बघितलं. दोन अक्षरं आहेत. अक्षर माझंच. कशाबद्दल —

शुक्रवार, ४ एप्रिल
खाली गाडी भरतायत. खोकी. खोक्यांवर हसऱ्या मुलाचं चित्र — खोकल्याचं औषध, काच — आठवलं. आठवलं. खिडकी उघडायची, ओरडायचं. बाकी काही नाही. गाडीवाला ऐकेल —

उघडली. फाटकाशी बहीण आहे. कडेवर तिचं — पोर. ती हात हलवतेय. मीही हलवला. ती ओरडून विचारतेय, बरी आहेस ना.
बरी आहे म्हटलं.
गाडी सुरू झाली. तिला काहीतरी सांगायचं होतं, पोराच्या — त्या —