माळाकडची वाट

१२ जाने.
सकाळी जीपमधून एका कंपनीचे दोघे आले. वरच्या माळावर खोल बोअर मारून जमिनीखालची उष्णता मोजणार, जमलं तर तिच्यावर वीज. माळ सरकारी, परवानगी मिळालीय म्हणे. माझ्याकडून जमीन नको, फक्त बांधाकडेची वाट. चहा घेतला नाही. इतकं थोडं मागतायत म्हणजे... बघू.

१३ जाने.
सलीमचा कर्जतहून फोन. मी काही बोलायच्या आत या धाकट्या भावाला बोअरचं सगळं ठाऊक. कुणी सांगितलं? म्हणाला, गावभर झालंय. पण हा इथे कळंबला ईदनंतर फिरकलेलाच नाही. ७/१२ वर नावं दोघांची. सही केलीस का, मी विचारलं. "भाई, वीज काय वाईट गोष्ट आहे का?" हे उत्तर नव्हे.

१६ जाने.
संमतीपत्र आलं. चार पानं. तिसऱ्यावर बारीक अक्षरात: वाट 'केवळ कंपनीच्या वापरासाठी', तोंडाला फाटक. अन् माळावरच्या ठाकरवाडीची माणसं? रेशन, शाळा, दवाखाना, सगळ्याला याच वाटेने उतरतात. अब्बांनी कधी अडवलं नाही, पण लिहूनही दिलं नाही. मीही नाही. जन्मभर मास्तरकी केली आणि दोन ओळी लिहायचं सुचलं नाही.

१९ जाने.
जीपवाल्यांना ती ओळ दाखवली. छापील नमुना आहे, अडवणार कुणाला नाही, म्हणाले. मग काढून टाका म्हटलं. वर विचारून सांगतो. गोड बोलतात फार.

२१ जाने.
बांधावर लाल खुंट. माझी सही नसताना. सलीमला फोन लावला. आढेवेढे घेत कबूल झाला, मोजणीपुरती सही दिलीय, तिसरं पान वाचलं नव्हतं. खरं असेलही. सख्ख्या भावाच्या बोलण्यात खोट शोधत बसलो.

२२ जाने.
वाडीतली हिरूबाई आली. एरवी ओट्यावर बसते, आज उभीच. सून गरोदर आहे तिची, शेवटचा महिना.
"मास्तर, खुंट तुमीच लावून घेतलं ना?"
नाही म्हटलं.
"मंग तुमच्या जमिनीत कोन येऊन लावतंय?"
भावाने सही दिलीय, ते शेवटी सांगितलं. तिचा विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

२४ जाने.
कंपनीचा निरोप: ओळ राहणार. दुपारी स्वतः कागद लिहिला. वाट वाडीला कायम मोकळी. खाली माझी सही, शेजारी सलीमसाठी जागा. एक प्रत घेऊन माळ चढलो, हिरूबाईला वाचून दाखवला. तिने नीट घडी घातली.
"दुसऱ्याकडून वाचून घेते, मास्तर. राग नका मानू."
राग आलाच. पण बरोबर आहे तिचं.

२५ जाने.
सलीम रविवारी येतो म्हणाला, सहीचं समोरासमोर बोलू. बरं वाटलं. दुपारी जीपवाल्यांचा फोन. तेही रविवारीच येतायत.